प्राणवायूची चकती कोणाच्या हाती?

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात विज्ञानावर काही बोलावे, पण ते पाठ्यपुस्तकातले नसावे, अशी कार्यकारिणीची सूचना होती. आम्ही रुग्णालयातील यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणारी माणसे. तेव्हा जे रोज हाताखालून जाते त्यातलेच सांगावे असे ठरवले. विषय असा आहे: श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रातून रुग्णाला किती प्राणवायू द्यायचा हे यंत्राने आपले आपण ठरवावे काय? आणि ठरवू दिले तर त्याच्यावर लक्ष कोणी व कसे ठेवायचे? मोठ्या माणसांच्या बाबतीतही हा प्रश्न आहे, पण तो खरा अटीतटीचा होतो तो अपुऱ्या दिवसांच्या बाळापाशी. म्हणून आम्ही मुख्यतः काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाविषयीच बोलणार आहोत. सातव्या महिन्यात झालेले मूल आपल्या नात्यात किंवा शेजारीपाजारी असेलच. हा विषय परका नाही.

प्राणवायू म्हटला की तो जितका जास्त तितका बरा, असा आपला सर्वांचा समज असतो. ‘ऑक्सिजन लावलाय ना, मग काळजी नाही’ असे आपण रुग्णालयाच्या व्हरांड्यात एकमेकांना सांगतो. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. यंत्रातून तो २१ पासून १०० टक्क्यांपर्यंत हवा तेवढा देता येतो. हवा आणि प्राणवायू यांचे मिश्रण करणारी एक झडप यंत्रात असते आणि तिची चकती फिरवली की प्रमाण बदलते. ही चकती म्हणजे आजच्या भाषणाचा नायक समजा.

आईच्या पोटात गर्भाच्या रक्तात प्राणवायू आपल्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि त्याची वाढ त्या बेताने चाललेली असते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रक्तवाहिन्या मधून कडेकडे पसरत जातात आणि पूर्ण दिवस भरत येईपर्यंत कडेला पोहोचतात. बाळ २६ व्या किंवा २८ व्या आठवड्यात जन्मले तर हे काम अर्धवट राहिलेले असते. अशा वेळी प्राणवायू जास्त झाला तर त्या वाहिन्यांची वाढ थबकते. पुढे काही आठवड्यांनी उपाशी राहिलेला पडदा रक्ताची मागणी करू लागतो आणि वाहिन्या वेड्यावाकड्या, नको तशा फुटतात. त्यांच्या ओढीने पडदा सुटला की दृष्टी कायमची जाते.

हे कळायला माणसाला फार मोठी किंमत द्यावी लागली. अमेरिकेत बॉस्टन येथे थिओडोर टेरी या नेत्रवैद्याने १९४२ साली अशा अंध बाळांचे पहिले वर्णन केले. गंमत म्हणावी की दुर्दैव, जिथे रुग्णालये श्रीमंत, पेट्या उत्तम आणि प्राणवायू मुबलक, तिथेच हा आजार अधिक आढळे. १९५१ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले. त्यानंतर १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि संशय खरा ठरला. तोपर्यंत जगभर सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती असे मानले जाते.

मग काय झाले? सगळे दुसऱ्या टोकाला गेले. प्राणवायू ४० टक्क्यांच्या वर द्यायचाच नाही असा दंडक अनेक ठिकाणी पडला. अंधत्व कमी झाले, आणि बाळे दगावू लागली. लंडनचे केनेथ क्रॉस यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अंदाज मांडला की एका बाळाची दृष्टी वाचवण्यापायी सुमारे १६ बाळांचा जीव गेला असावा. विद्यार्थी मित्रांनो, हा आकडा लक्षात ठेवा. जास्त दिला तर डोळे जातात, कमी दिला तर प्राण जातो, आणि दोन्हीच्या मधली वाट अरुंद आहे.

ती वाट नेमकी किती अरुंद, हे ठरायला पुढे आणखी काही दशके लागली, कारण आधी मोजायचे साधन हवे होते. ते दिले जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतील ताकुओ आओयागी या अभियंत्याने. हृदय किती रक्त फेकते ते कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून मोजण्याच्या खटपटीत ते होते. नाडीच्या ठोक्यामुळे मापन सारखे हलत असे आणि ते त्यांना नको होते. ते हलणे घालवता घालवता त्यांच्या ध्यानात आले की त्या हलण्यातच धमनीतल्या रक्ताची खबर आहे. १९७४ साली त्यांनी हे तत्त्व मांडले. आज बोटाला लावतात तो चिमटा, पल्स ऑक्सिमीटर, त्यातूनच आला. त्यात एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश असतात. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून रक्तातले किती टक्के हिमोग्लोबिन भरलेले आहे ते कळते. यालाच दवाखान्यात सगळे ‘सॅच्युरेशन’ म्हणतात. कोरोनाच्या साथीत हा शब्द घराघरात पोहोचला.

साधन आले तेव्हा मग नीट चाचण्या करता आल्या. २०१० साली अमेरिकेत १३१६ अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाचे सॅच्युरेशन ८५ ते ८९ आणि दुसऱ्याचे ९१ ते ९५ ठेवण्याचा प्रयत्न होता. खालच्या गटात घरी जाण्यापूर्वी १९.९ टक्के बाळे दगावली, वरच्या गटात १६.२ टक्के. आणि जी वाचली त्यांच्यात डोळ्यांचा गंभीर आजार खालच्या गटात ८.६ टक्के, तर वरच्या गटात १७.९ टक्के. चार-पाच अंकांचा काय तो फरक! त्यानंतर बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ किंवा ९१ ते ९५ असा पट्टा धरला जाऊ लागला, कारण डोळ्यांवर वेळीच उपचार करता येतो, गेलेला जीव परत आणता येत नाही.

आता पट्टा कागदावर लिहिणे सोपे, बाळाला त्यात ठेवणे कठीण. अपुऱ्या दिवसांचे बाळ श्वास घ्यायचे मधेच विसरते, आणि सॅच्युरेशन अर्ध्या मिनिटात ९४ वरून ७० वर येते. एका रुग्णालयात रात्रपाळीला आम्ही एका यंत्राच्या दुरुस्तीसाठी थांबलो होतो. एका सिस्टरकडे सहा बाळे होती. एका पेटीचा गजर झाला, त्यांनी जाऊन बाळाच्या तळव्याला टिचकी मारली, चकती ३० वरून ५० वर नेली. बाळ सावरले. तेवढ्यात दुसऱ्या पेटीचा गजर, मग तिसऱ्या बाळाची सलाइन. पहिली चकती ५० वरच राहिली आणि पडद्यावर ९९ दिसत राहिले. ९९ ला कोणी घाबरत नाही. सिस्टरचा यात काडीचाही दोष नाही. दोन हातांनी बारा हातांचे काम चालले होते. परदेशात परिचारिका पुष्कळ असतात म्हणावे, तर तिथेही चित्र फारसे निराळे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, १४ रुग्णालयांतील पाहणीत बाळे ठरलेल्या पट्ट्यात सरासरी निम्म्याहूनही कमी वेळ, ४८ टक्के, होती. ३६ टक्के वेळ ती पट्ट्याच्या वर होती. म्हणजे चूक व्हायची ती जास्तीच्या बाजूलाच अधिक. गजर खालच्या बाजूला वाजला की सगळे धावतात, त्याचा हा परिणाम.

म्हणून ही चकती यंत्रालाच फिरवू द्यावी ही कल्पना पुढे आली. ती नवी नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये नाळेच्या धमनीत बारीक प्रोब ठेवून असे प्रयोग झाले होते. पल्स ऑक्सिमीटर आल्यावर ते काम सुईशिवाय होऊ लागले. अमेरिकेतील मायामी विद्यापीठात नेल्सन क्लॉर आणि एदुआर्दो बांकालारी यांनी, तसेच ऑस्ट्रेलियात टास्मानियातील होबार्टच्या संशोधकांनी या नियंत्रणाची गणिते बसवली. होबार्टचे गणित पुढे एसएलई ६००० या ब्रिटिश श्वसनयंत्रात आले.

हे चालते कसे? आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. टाकीत तरंगता गोळा असतो, पाणी वर आले की तो उचलला जातो आणि नळ बंद होतो. मोजणे आणि वागणे एकाच जागी, विलंब नाही, म्हणून ते बिनबोभाट चालते. आता समजा गोळा नाही. पंपाचा माणूस खाली तळमजल्यावर, आणि टाकी भरली की वरून कोणीतरी ओरडणार. ओरडणे त्याच्या कानी पडेपर्यंत पाणी गच्चीवरून वाहू लागलेले असते. बाळाच्या बाबतीत अशीच गत आहे. झडप फिरली की नव्या मिश्रणाने नळीतून जायचे, फुप्फुसात पोहोचायचे, रक्तात मिसळायचे, ते रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत यायचे आणि मग ऑक्सिमीटरने मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवायचा. अर्धा मिनिट सहज जातो. यंत्राने उतावळेपणा करून आकडा खाली दिसताच प्राणवायू सारखा वाढवत नेला, तर बाळ सावरल्यावर तो उसळून पट्ट्याच्या वर जाणार, मग यंत्र एकदम कमी करणार, आणि बाळ पुन्हा खाली. हा झोपाळा थांबवणे हेच नियंत्रणाचे सारे कौशल्य. त्यासाठी यंत्र तीन गोष्टी पाहते: आत्ता आकडा किती चुकला आहे, किती वेळ चुकत आला आहे, आणि कोणत्या दिशेने किती वेगाने चालला आहे. बाळ सावरताना दिसताच आकडा पट्ट्यात शिरण्याच्या आधीच ते हात आखडता घेते. इंजिनिअरिंगचे जे विद्यार्थी इथे आहेत त्यांनी हे तीन भाग नियंत्रणशास्त्राच्या तासाला शिकलेले असतील. मोटारीचा वेग राखायला आणि बाळाचा श्वास राखायला गणित मुळात एकच.

पण मोटार आणि बाळ यांत फरक आहे. सॅच्युरेशन आणि रक्तातील प्राणवायूचा दाब यांचे नाते सरळ रेषेचे नाही. खालच्या भागात ते उभ्या चढासारखे आहे, थोडा प्राणवायू वाढला की आकडा झपकन वाढतो. वर मात्र पठार लागते. ९८ हा आकडा दाब १०० असताना दिसतो तसा ३०० असतानाही जवळपास तसाच दिसतो. म्हणजे डोळ्यांना खरा धोका जिथे आहे, नेमके तिथेच हे साधन जवळजवळ आंधळे होते. वरची मर्यादा ९५ धरतात ती एवढ्यासाठीच, की यंत्राने पठारावर जाऊच नये.

याचा गुण किती येतो? मायामीच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३२ बाळांना २४ तास हाताने आणि २४ तास यंत्राने प्राणवायू दिला. पट्ट्यातला वेळ ३२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा आकडा मोठ्या अक्षरांत छापता येण्याजोगा नाही, हे खरे. परंतु त्याच चाचणीत हाताने चकती फिरवण्याची वेळ दिवसाला शंभराहून अधिक वेळांवरून दहाच्या आसपास आली. आमच्या मते खरा लाभ हा आहे. सिस्टरचे ते हात बाळ पुसायला, दूध पाजायला, आईला धीर द्यायला मोकळे झाले. नंतरच्या यंत्रांनी पट्ट्यातील वेळाचे याहून पुष्कळ चांगले आकडे दाखवले आहेत. तरीही पट्ट्यातला वेळ वाढला म्हणजे तितके डोळे वाचले, असे थेट समीकरण कोणी मांडू नये. त्यासाठी हजारो बाळांच्या चाचण्या लागतात, आणि जर्मनीतील ट्युबिंगेनच्या डॉक्टरांनी अशी चाचणी हाती घेतली ती याच कारणाने.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला त्या गोष्टीकडे येतो.

यंत्र आकड्यावर चालते, बाळावर नाही. पायाचा प्रोब सैल झाला, बाळाने पाय झाडला, पाय गार पडला, तर आकडा खोटा येतो. बरी यंत्रे प्रोबकडून येणारा संदेश विश्वासाचा आहे की नाही हे आधी पाहतात, आणि नसेल तर प्राणवायू आहे तिथेच किंवा ठरवून दिलेल्या आकड्यावर ठेवून गजर करतात. हे झाले उघड बिघाडाचे. त्याहून कठीण आहे तो लपलेला बिघाड. समजा बाळाच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग सुरू झाला. चकती हाताने फिरवत असता तर सिस्टरला तासातासाला ती वाढवावी लागली असती आणि त्यांनी डॉक्टरांना हाक मारली असती. यंत्र मात्र मुकाट्याने ३० चे ४०, ४० चे ६० करते, आणि पडद्यावर सॅच्युरेशन ९३, सगळे हिरवे. आजार वाढतो आहे आणि सेवा इतकी चोख की तो कोणाला दिसत नाही. म्हणून यंत्र बसवताना सॅच्युरेशनच्या जोडीने प्राणवायूच्या टक्क्यांवरही गजर लावला पाहिजे, आणि दर पाळीला यंत्राने किती वाढ केली ती वहीत टिपली पाहिजे. हे आम्ही जिथे जातो तिथे सांगतो. कधी ऐकतात, कधी ‘गजर फार होतात हो’ म्हणून तो बंद करायला सांगतात.

दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. पल्स ऑक्सिमीटर आकडा निव्वळ भौतिकशास्त्रातून काढत नाही. कारखान्यात निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांच्या धमनीतले रक्त तपासून एक तक्ता बनवतात, आणि तो यंत्राच्या आत असतो. त्या तक्त्यात कोणाची बोटे होती? २०२० साली अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवले की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्ताचा खरा आकडा ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होते. गडद कातडी प्रकाश अधिक शोषते आणि यंत्र फसून आकडा जास्त दाखवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनेत चाचणीसाठी किमान दहा माणसे आणि त्यांत गडद वर्णाची दोन किंवा १५ टक्के, एवढीच अपेक्षा होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी जो नवा मसुदा काढला त्यात ही संख्या दीडशेवर नेली.

हाताने चकती फिरवणारी अनुभवी सिस्टर ओठांचा रंग पाहते, छाती ओढली जाते का ते पाहते, आकड्यावर संशय घेते. यंत्र संशय घेत नाही. आकडा दोन-तीनने फुगलेला असेल तर ते प्रामाणिकपणे, रात्रंदिवस, न थकता प्राणवायू कमीच देत राहील. आपल्याकडची माणसे सावळी-काळी. तेव्हा रुग्णालयाच्या खरेदी समितीवर आपल्यापैकी कोणी असतील, आणि काही जण आहेतही, तर त्यांनी विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारावा: तुमचा तक्ता कोणत्या वर्णाच्या किती माणसांवर बनला? उत्तर लेखी घ्यावे. आणि यंत्र लावल्यावर अधूनमधून धमनीतले रक्त तपासून आकडा ताडून पाहावा.

तिसरी गोष्ट थोडक्यात. यंत्र प्राणवायू वाटते, बनवत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती लागून दाब उतरला आणि निदान २२ रुग्ण दगावले. अशा वेळी झडप पूर्ण उघडली तरी नळीत काही नसते. दाबाचा गजर आणि राखीव सिलिंडर आपोआप जोडणारी व्यवस्था महिन्यातून एकदा तरी चालवून पाहणे हे काम दिसायला क्षुल्लक आहे, म्हणून तेच आधी राहते.

शेवटी घराघरात उपयोगी पडेल असे सांगतो. यंत्र कसलेही असो, बाळाच्या डोळ्यांची तपासणी टाळता येत नाही. आपल्या देशातील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जन्माचे वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल किंवा बाळ ३४ आठवड्यांपूर्वी जन्मले असेल, तर ३० दिवसांच्या आत दृष्टिपटलाची पहिली तपासणी झाली पाहिजे. फारच लहान, म्हणजे २८ आठवड्यांपूर्वीचे किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. १९९६ साली तामिळनाडूतील एका सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीच्या आईवडिलांना हे कोणी सांगितलेच नाही. मुलगी अंध झाली, आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. भरपाई मिळाली, नजर नाही.

घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहून मागा. बाळाला वरवर काही झालेले दिसत नाही, डोळे लाल होत नाहीत, पाणी येत नाही, म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका. एकदा जाऊनही भागत नाही. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्या असे डॉक्टर लिहून देईपर्यंत आठवड्या-पंधरवड्याला जावे लागते, आणि आजार वाढलेला आढळला तर लेसर किंवा इंजेक्शन ४८ ते ७२ तासांत व्हायला हवे. गावाहून येणाऱ्यांना हे हेलपाटे जड जातात. मंडळाच्या कार्यालयात आल्यास तपासणी कोठे होते ती माहिती देण्याची व्यवस्था करता येईल, असे सचिवांनी आताच आमच्या कानात सांगितले आहे.

विद्यार्थ्यांसाठी बाहेरच्या टेबलावर एक उघडलेला जुना ऑक्सिमीटर ठेवला आहे. तांबडा दिवा दिसेल, दुसरा दिसणार नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलात तर बहुधा तोही दिसेल. शेजारी चालू स्थितीतला एक आहे. बोट घालून पाहा. नखाला रंग लावला असेल तर दुसरे बोट घाला.